भायेर डाक्तर

ज्यानं आपलं भलं केलं त्याच्यावर राग धरू नये, असं मला पुष्कळांनी सांगून पाहिलं. मी धरते. त्या माणसाची आठवण निघाली की आजही माझ्या कपाळावर आठी चढते, आणि ती आठी घेऊनच मी हे लिहायला बसले आहे. गोडगोड लिहायचं असतं तर आमच्या गावात दुसरी माणसं होती.

तापीकाठच्या आमच्या गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. ‘भायेर डाक्तर’ म्हणायचे. भायेर म्हणजे बाहेर. हा शब्द सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यांच्या तोंडात असे. तो रोग्यासाठी नव्हता, रोग्याबरोबर आलेल्यांसाठी होता. आमच्याकडे आजारी माणूस एकटा दवाखान्यात जात नाही, बैलगाडी भरून जातो. भाऊ, भावजय, सासरा, शेजारी, आणि आपण कशाला आलो हे स्वतःलाही ठाऊक नाही असा एखादा. रोगी मधे बसायचा आणि बाकीचे त्याचं दुखणं सांगायचे. कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, काय खाल्लं, सगळं दुसऱ्यांना माहीत. रोग्यानं नुसती मान हलवायची. बाईमाणूस असली तर तीही नाही.

डॉक्टर थोडा वेळ ऐकून घेत. मग खुर्चीतून अर्धे उठत आणि दाराकडे बोट करत. "आजारी कोण शे? हाऊ ना? मंग हाऊच बोली. बाकीना भायेर."

आजारी असेल तोच बोलेल, बाकीचे बाहेर. माणसं ओशाळून ओट्यावर जाऊन बसत आणि तिथून मोठ्यानं सांगू लागत. मग डॉक्टर खिडकी लावून घेत.

दवाखाना सरकीच्या जुन्या वखारीतल्या एका खोलीत होता. तिथं पावसाळ्यातसुद्धा कापसाचे तंतू उडत. डॉक्टर मूळचे शिरपूरकडचे, मुंबईला शिकलेले, मोठ्या लढाईत फौजेबरोबर इराकातल्या बसऱ्याला जाऊन आलेले. इतका शिकलेला माणूस आमच्या गावात का आला, याबद्दल लोक हवं ते बोलत. लग्न केलं नव्हतं. डोक्याला टोपी नव्हती. एक आंधळी घोडी होती. तिच्याशी ते इंग्रजीत बोलत, कारण तिच्या वतीनं तरी कुणी मधे पडून बोलत नसे.

रस्त्यात भेटले तर रामराम नाही. "जीभ दाखव." पाटलाला तेच, फौजदाराला तेच, देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला तेच. एकदा त्यांनी भर रस्त्यात वरात अडवली. नवरदेव घोड्यावर, पुढे वाजंत्री, आणि हे आडवे. "जीभ काढ." नवरदेवाच्या मामानं सांगितलं, त्याला काही झालेलं नाही. "मामाले नही इचारं." वाजंत्रीवाल्यांना कुणीतरी खूण केली आणि ते जोरात वाजवू लागले. डॉक्टरांनी लगाम सोडला नाही. शेवटी घोडा बिथरायला लागला तेव्हा नवरदेवानं घाबरून जीभ काढली. त्याला कावीळ झाली होती. अंगाला हळद लागलेली असल्यामुळे घरातल्या कुणाला पत्ताच नव्हता. तो वाचला, पण डॉक्टरांना त्या घरानं जन्मभर शिव्या दिल्या. वरात अडवली म्हणून.

अशा माणसाशी आमच्या तात्यांचं पटणं शक्यच नव्हतं. तात्या म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून आम्ही मायलेकी त्यांच्या घरात. शेती होतीच, पण तात्यांचा खरा जीव सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. तिथं ते दलाल होते. आमच्याकडे घोड्याचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल हातावर रुमाल टाकतो, रुमालाखाली विकणाऱ्याची बोटं दाबतो, मग घेणाऱ्याची. भाव बोटांनी ठरतो आणि भोवतीच्या गर्दीला कळत नाही. तात्या विकणाऱ्याच्या वतीनं बोलायचे, घेणाऱ्याच्या वतीनं बोलायचे आणि वेळ आली तर घोड्याच्याही. जत्रा संपली तरी त्यांची ही सवय सुटत नसे. घरात कुणाला तहान लागली तर तेही तेच सांगत.

डॉक्टरांनी एका जत्रेत ऐन सौद्यात तात्यांचा रुमाल उचलला. "काय चोरून बोटं मोडतोस? तोंड दिलंय ना देवानं? बोल." बाजारात असा गुन्हा दुसरा नाही. सौदा मोडला, दोन्हीकडची माणसं अंगावर धावली, आणि डॉक्टर मात्र त्या घोड्याचं तोंड उघडून त्याची जीभ पाहत उभे. तात्यांनी त्या दिवसापासून त्यांच्या दवाखान्याच्या बाजूनं जाणं सोडलं.

आता माझ्या जिभेचं सांगते.

माझ्या जिभेखालचा पडदा जन्मतःच आखूड आणि जाड होता. जीभ खाली बांधल्यासारखी. दातांच्या पुढे यायची नाही, टाळूला लागायची नाही. अशी मुलं पुष्कळ जन्मतात. सुईण चांगली असली तर पहिल्याच दिवशी नखानं तो पडदा तोडून मोकळी होते. आमच्या सुईणीच्या नजरेतून तो सुटला. मी बोलायला लागले तेव्हा माझं बोलणं आईखेरीज कुणाला कळेना. घरात लगेच कारण सापडलं. मी पोटात असताना ग्रहण लागलं होतं आणि आईनं त्या वेळी गोठ्यात बसून दोर वळला होता. तिनं गाठ मारली, ती पोरीच्या जिभेला बसली. झालं. माझी आई त्या दोराखाली वीस वर्षं वाकून चालली. कुणी माझ्या बोलण्याला हसलं की ती मान खाली घाली, जणू तिलाच हसले. मला त्या हसणाऱ्यांचा कधी इतका राग आला नाही जितका तिच्या खाली गेलेल्या मानेचा आला.

मला पाहायला आले तेव्हा पाहुण्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, पोरी, नाव काय तुझं? तात्यांनी नाव सांगितलं. कितवी शिकलीस? तात्यांनी सांगितलं. स्वयंपाक येतो का? तात्यांनी माझ्या हातच्या भाकरीची तारीफ केली. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजाळू आहे. लग्न लागलं. सासरी गेल्यावर मला तोंड उघडावंच लागलं आणि पहिल्याच पंगतीत तिथल्या पोरांनी माझी नक्कल केली. होळीच्या आत मला गाडीत बसवून परत पाठवलं. ‘मुकी गळ्यात मारली’ असा निरोप बरोबर. मी मुकी नव्हते. मला उत्तर द्यायचं होतं, ते माझ्या वतीनं दुसऱ्यानं दिलं होतं. तात्यांनी मात्र चार लोकांत सांगितलं, सासरचे लोक वाईट. माझ्या वतीनं हेही त्यांनीच सांगितलं.

परत आलेल्या पोरीला घरात काम पुष्कळ असतं. जातं, शेण, पाणी, गुरं. एवढं उरकून मी शिकत राहिले. वडलांनी लहानपणी अक्षर गिरवून घेतलं होतं. गावातल्या मास्तरांनी पुस्तकं दिली, आणि मी सातवीची परीक्षा बाहेरून दिली, पास झाले. कागदावर माझी जीभ बांधलेली नव्हती. मास्तर म्हणाले, बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा आहेत, शिक्षिका होशील, स्वतःच्या पायावर उभी राहशील. फक्त आत घेण्याआधी तोंडी परीक्षा असते. इन्स्पेक्ट्रेस बाईंसमोर धडा मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो.

त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन धडा वाचून पाहिला. म्हशीनंसुद्धा वर पाहिलं नाही. पण मला ऐकू आलं, आणि मला कळलं की मला कुणी घेणार नाही. तात्यांच्या घरात भाकरी थापत म्हातारी व्हायचं नसेल तर ही एकच वाट होती आणि ती माझ्याच तोंडात अडली होती.

आईनं चांदीची जीभ बोलून ठेवली होती. पोरीची जीभ सुटू दे, सारंगखेड्याच्या दत्ताला चांदीची जीभ वाहीन. पण नवस एकीकडे ठेवून तीच मला एका सकाळी म्हणाली, "चाल, भायेर डाक्तरकडे जाऊत." तात्यांना हे कळलं तेव्हा डॉक्टरांवरचा राग बाजूला ठेवून ते जोडे घालून आमच्या पुढं चालू लागले. बायकांनी एकटं जायचं नाही. आणि सांगायला कुणीतरी पाहिजेच की.

तात्या दवाखान्यात शिरताच बोलू लागले. "तिनी जीभ जड शे, डाक्तर. लहानपणपाईन. तिले काही..."

"भायेर."

"ती काय सांगी? मी सांगस ना."

"तू भायेर. आणि बाई, तुम्ही पण."

आईला बाहेर काढलं. ती काही बोललीही नव्हती. दारात वळून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि दार लागलं. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण माझ्या रागाचं मूळ त्या दारात आहे.

मग डॉक्टर माझ्यासमोर बसले आणि गप्प राहिले. मी बोलेपर्यंत ते बोलणार नव्हते. माझ्याशी असं कुणी वागलं नव्हतं. मी कसंबसं सांगितलं की मला शाळेत शिकवायचं आहे. ते कसं ऐकू आलं असेल ते मी लिहिणार नाही. पण त्यांनी ‘काय?’ म्हणून पुन्हा विचारलं नाही, की ‘अगं बाई’ म्हणून कीवही केली नाही. माझ्या जिभेखाली बोट घालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा तापला.

"एवढ्याशा पडद्यासाठी तुला मुकी ठरवली? ही देवाची करणी नाही आणि ग्रहणाची पण नाही. सुईणीचं नख पोचलं नाही, बस." आणि मग, "गधडे, इतकी वर्षं काय करत होतीस?"

जणू मीच नखं वाढवून बसले होते. मला रडूही आलं आणि त्यांच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

त्यांनी जिभेखाली सुई टोचली. थोड्या वेळानं तोंड बधिर झालं. जीभ वर धरायला त्यांच्याकडे एक चपटी पट्टी होती, मधोमध खाच असलेली. ती घातली आणि कात्रीनं पडदा कापला. कात्रीचा आवाज मला कानात नव्हे, डोक्याच्या आत ऐकू आला. रेशमाचे टाके घातले, रक्त पुसलं, तुरटीच्या पाण्यानं चूळ भरायला लावली. मग बोट वर करून सांगितलं, "आता नीट ऐक. जीभ स्वस्थ ठेवायची नाही. उद्यापासून हलवायची. वर, खाली, टाळूला, वरच्या ओठाला. दुखेल. दुखलं तरी हलवायची. नाहीतर ती जखम आपल्यालाच धरून बसेल आणि आधीपेक्षा घट्ट होईल. कळलं?"

मी मान हलवली. मला कळलं होतं. बाहेर ओट्यावर बसलेल्या दोघांना यातलं काही कळलं नव्हतं, आणि माझं तोंड सुजून असं झालं होतं की मला ‘आई’ म्हणता येत नव्हतं.

घरी पोचेपर्यंत गल्ली जमली. जखम आहे, जखमेला विश्रांती हवी, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? हात मोडला तर हात बांधतात. पाय मुरगळला तर पाय उशीवर ठेवतात. जीभ कापली तर माणूस गप्प बसतं. आईनं देवासमोर दिवा लावला आणि माझ्या वतीनं मौन बोलली. जत्रा तोंडावर आली होती. दत्ताला चांदीची जीभ वाहीपर्यंत पोरगी शब्द काढणार नाही. "चूप बठ, माय. देवनी कृपा व्हयनी," असं म्हणत तिनं माझ्या हनुवटीखालून फडकं घेऊन डोक्यावर गाठ मारली. अगदी मायेनं मारली. माझ्या घशाखाली ताकाची कण्हेरी, म्हणजे कण्यांची पातळ पेज, तेवढी जाऊ दिली.

मी पाटी घेतली. लिहिलं की डॉक्टरांनी जीभ हलवायला सांगितली आहे. आईला वाचता येत नव्हतं. तिनं पाटी तात्यांपुढं धरली. तात्यांनी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पंच्याच्या टोकानं पुसून टाकली.

"काय लिखं?" आईनं विचारलं.

"काही नही. दुखी ऱ्हायनं म्हनस." मग मला म्हणाले, "डाक्तर येडा शे. जखम कोठे हलाडतस का?"

माझी पाटीसुद्धा त्या माणसानं माझ्या वतीनं वाचली. मी फडकं ओढून काढलं की आई रडकुंडीला येऊन पुन्हा बांधी. तिच्याशी झटापट करू किती? तिला वाटत होतं, या वेळी तरी तिच्या हातून गाठ चुकीची पडू नये. आम्ही जत्रेला गेलो. चांदीची जीभ दत्ताच्या पायाशी ठेवली. मौन सुटलं. मी तोंड उघडलं आणि जीभ जागची हलली नाही. पूर्वी निदान दातांपर्यंत यायची. आता तिथवरही येईना.

आई माझं तोंड पाहत तिथंच घोड्यांच्या धुळीत खाली बसली. "मीच करं वं माय हाई. मन्हाच हात वाईट."

तिथून मी सरळ दवाखान्यात गेले. तात्या बाजारात सौद्यात अडकले होते, आई माझ्यामागून धापा टाकत येत होती. डॉक्टरांनी माझ्या तोंडात पाहिलं आणि भडकले. तसं भडकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पट्टी भिंतीवर आदळली. "गधडे, काय सांगितलं होतं तुला? एक काम. एकच काम सांगितलं होतं. तुम्हा लोकांना बरं व्हायचंच नसतं. तुम्हाला मुकंच राहायचं असतं. जा, कर त्या घोड्याच्या दलालाच्या भाकऱ्या." बरंच काही बोलले. त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही.

मी ऐकत होते, आणि माझ्या आत काहीतरी उकळून वर आलं. वीस वर्षांचं होतं ते. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. औषधाची बाटली पडली, फुटली. मी बोलले. त्या घट्ट, मेलेल्या जिभेनं बोलले. अर्धी अक्षरं कुठं गेली कुणास ठाऊक. पण मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

मी म्हणाले, तुम्ही माझ्या आईला बाहेर काढलं. ती बोलत नव्हती, ती नुसती उभी होती. तुम्ही मला सांगितलं आणि तिला नाही. मग घरी जाऊन कोण सांगणार होतं? मी? या तोंडानं? तुम्हाला सगळ्यांना बाहेर काढायची एवढी हौस आहे, तर आत राहिलेल्या माणसाला घरी कुणाबरोबर जायचं असतं हे तुम्ही कधी पाहिलंत का? ग्रहणाचा संबंध नाही असं तुम्ही मला सांगितलंत. ज्या बाईला ते ऐकायला पाहिजे होतं ती दाराबाहेर होती.

डॉक्टर उभेच होते. खाली वाकून त्यांनी बाटलीच्या काचा एकेक करून उचलल्या, कोपऱ्यात टाकल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुन्ही मायले मझार बलाव."

आत बोलवायला सांगितलं. गावात हे घडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी दार उघडलं. आई उंबऱ्यावर अडली, तिला वाटलं मी चुकीचं ऐकलं. डॉक्टरांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती खुर्चीवर बसली नाही, खाली बसली, म्हणून तेही खाली बसले.

त्यांनी तिला सगळं सांगितलं. पडदा कसा असतो, नखानं कसा तुटतो, दोर वळल्यानं काही होत नाही. आई ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "माले काब्र नही सांगं?" मला का नाही सांगितलंत. चिडून नाही, साधं विचारलं.

तेव्हा त्यांनी बसऱ्याची गोष्ट सांगितली. मला नाही, आईला. लष्करी इस्पितळात एक जखमी शिपाई आणला होता. काय होतंय म्हणून डॉक्टर विचारत आणि त्याचा हवालदार सांगे, ठीक है साब. शिपाई तोंड उघडायचा, हवालदार पुन्हा म्हणायचा, ठीक है साब. डॉक्टर तेव्हा नवे होते. हवालदाराचं ऐकून ते पुढच्या खाटेकडे गेले. सकाळी ती खाट रिकामी होती. "म्हनीसन मी सम्दास्ले भायेर काढस," एवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला लागले.

चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. मला ते हवं होतं, अजूनही हवं आहे. खुर्ची सरकवली म्हणजे सगळं फिटलं, असं मी मानत नाही.

दुसऱ्यांदा कापणं पहिल्यापेक्षा वाईट होतं. जखमेचा वण चिवट झाला होता, रक्त थांबेना. या वेळी आई माझं डोकं धरून बसली होती. डॉक्टरांनी तिला दाखवून दाखवून सांगितलं आणि वर तिच्याकडून म्हणवून घेतलं. घरी गेल्यावर ती काय करणार, कसं करणार, सगळं. शेवटी तिला म्हणाले, "ती चांदीनी जीभ देवले राहू दे. हाई आम्हले कामनी शे."

मग आमच्या स्वयंपाकघरात जो तमाशा सुरू झाला तो पाहण्यासारखा होता. आई माझ्या वरच्या ओठाला काकवी लावायची आणि म्हणायची, चाट. मला कळा यायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं, मी नको म्हणायचे. मग ती स्वतःच्या ओठाला काकवी लावायची आणि माझ्यासमोर बसून जीभ बाहेर काढून चाटून दाखवायची. पदर डोक्यावर, जीभ नाकाकडे. तात्या एकदा दारात आले, त्यांनी हे पाहिलं आणि ओरडले, "काय येडी व्हयनी का? बस करा. जखम शे ती."

आई चुलीपुढून उठली. माझी आई जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, कधी मान वर करून बोलली नव्हती. ती दारात गेली आणि तिनं स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. डॉक्टरांकडून तिनं तेवढं उचललं होतं.

बोलणं काही रातोरात सुधारलं नाही. जीभ सुटली तरी तिला कुठं जायचं ते माहीत नव्हतं. रोज दुपारी दवाखान्यात बसून मला रोग्यांच्या समोर धडा वाचावा लागे. चुकले की डॉक्टर नाडी धरल्या धरल्या खेकसत. पोटदुखीची माणसं, खरजेची पोरं, बाळंतिणी, सगळ्यांनी माझा धडा ऐकला. कुणी हसलं तर त्याला कडू औषध मिळे. हे मला कधी आवडलं नाही. चार लोकांत माझी शाळा घेण्याची काही गरज नव्हती, ते आत नेऊन शिकवू शकले असते. पण त्या माणसाला दुसऱ्याच्या लाजेची किंमत कधी कळलीच नाही.

तोंडी परीक्षेला तात्या बरोबर आले. यावंच लागलं, मला एकटीला आगगाडीत कोण बसवणार? इन्स्पेक्ट्रेस बाईंनी विचारलं, नाव काय? तात्यांनी घसा साफ केला. त्यांचा घसा साफ होईपर्यंत मी माझं नाव सांगितलं, वडलांचं सांगितलं, गाव सांगितलं, आणि धडा उघडून वाचायला लागले. बाईंनी थांब म्हटलं तरी पान संपेपर्यंत मी थांबले नाही. येताना गाडीत तात्या माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र ओट्यावर बसून लोकांना सांगितलं, आमची पोरगी फाडफाड वाचते.

नोकरी लागली तेव्हा मी आईला घेऊन नवापूरला गेले. गावाशी संबंध तुटला. डॉक्टरांना मी एक कार्ड टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही. राग आला. पुन्हा टाकलं नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं की त्यांच्या अंगावरून वारं गेलं आहे, उजवी बाजू लुळी पडली आहे आणि भाच्यानं त्यांना नंदुरबारला आपल्या घरी आणून ठेवलं आहे. आई तोवर गेली होती. ती असती तर लगेच म्हणाली असती, जाऊन ये. मी शनिवारची शाळा आटोपून गाडी धरली.

भाचा चांगला माणूस होता, हे आधी सांगते. डॉक्टरांना न्हाऊमाखू घातलेलं होतं, अंथरूण स्वच्छ होतं. जन्मभर उघड्या डोक्यानं हिंडलेल्या त्या माणसाच्या डोक्यावर मात्र लोकरीची टोपी घातली होती. मी ती पाहिली आणि माझं डोकं तिथंच फिरायला लागलं.

मी खाटेजवळ जाऊन विचारलं, "कसं आहे?"

"मामा आता बरे आहेत," भाचा म्हणाला.

"जेवण जातं का?"

"पेज घेतात मामा. मामांना आता पेजच आवडते."

डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. तोंड एका बाजूला ओढलं होतं, पण डोळे होते तसेच तापट. ओठ हलत होते.

"मला ओळखलंत का?" मी विचारलं.

"मामांना आता कुणी ओळखू येत नाही," भाच्यानं सांगितलं. "काही कळत नाही हो त्यांना."

मी शाळेत पोरांवर ओरडत नसे. पण त्या दिवशी त्या परक्या घरात माझा आवाज चढला. "आजारी कोण आहे? हे ना? मग हेच बोलतील." मी स्टुलावर बसले आणि वाट पाहू लागले. त्यांनी पूर्वी माझी पाहिली होती तशी. डॉक्टरांची जीभ तोंडात एका कडेला पडून होती. ती ते ओढत होते, ती सरकत होती, पुन्हा पडत होती. गळ्याच्या शिरा वर आल्या. मला मधेच शब्द पुरवावासा वाटला, मी ओठ दाबून धरले. चहा आला, निवला. शेवटी त्यांनी शब्द काढला. तुटका, ओला, पण आख्खा.

"भा... येर."

भाच्यानं माझ्याकडे ओशाळून पाहिलं. "राग मानू नका बाई. तुम्हाला जायला सांगताहेत. ते सगळ्यांनाच असं म्हणतात."

मी उठले नाही. "माझ्याशी बोलायचं असतं तेव्हा ते ‘जीभ दाखव’ म्हणतात," मी त्याला सांगितलं. "हे तुमच्यासाठी आहे."

त्यानं मामांकडे पाहिलं. डॉक्टरांचा चांगला हात अंथरुणावरून उचलला गेला आणि दाराकडे वळला. भाचा बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मी दार लावून घेतलं, त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, आणि न सांगता तोंड उघडून जीभ टाळूला लावून दाखवली. त्यांनी पाहिली. बराच वेळ पाहिली.

मग मी बोलायला बसले. बाहेर काढलेल्या माझ्या आईबद्दल, ‘गधडे’बद्दल, खरजेच्या पोरांसमोर वाचायला लावलेल्या धड्याबद्दल, उत्तर न दिलेल्या कार्डाबद्दल. इतक्या वर्षांचा राग होता, तो सावकाश, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारत, सगळा त्यांच्या पदरात घातला. त्यांनी मला मधे एकदाही थांबवलं नाही. थांबवता येत नव्हतं म्हणून की थांबवायचं नव्हतं म्हणून, ते मी त्यांच्या वतीनं सांगणार नाही.